नकाशाची कड

“बुरूड आळी कशाला घातलीस यात? काढून टाक!” सरांनी संगणकाच्या पडद्यावर बोट आपटलं.

नदीवरच्या नव्या पुलामुळे पूर कुठवर चढेल, याचं गणित मैना पीएचडीसाठी तीन वर्षं संगणकावर मांडत होती. सरांच्या नकाशाची कड आळीच्या अलीकडेच थांबायची. पलीकडे गेलेलं पाणी गणितातून बाद. मैनानं कड चाळीस घरं पुढे सरकवली, तेव्हा पडद्यावरचं निळं पाणी थेट तिच्या घरात, आईच्या सुपा-रोवळ्यांच्या चळतीवर चढलं.

“पुलाचा अहवाल उद्या सरकारकडे जायचाय. हट्ट केलास तर पीएचडी विसर, बाई.”

घरी येऊन मैनानं वेबसाइटचं नाव नोंदवलं, मराठी अक्षरांत: बुरूडआळी.भारत. चढत्या पाण्याचं चित्र साऱ्या आकड्यांसकट तिथे ठेवलं आणि पत्ता वर्तमानपत्रांना पाठवला.

“पदवी गेली तर गं?” बांबूच्या कामट्या काढता काढता आईनं विचारलं.

“जाऊ दे. आळी जायला नको.”

सकाळी सरांचा फोन खणाणला. “अगं, सगळे पत्रकार मला विचारतायत! कुठून टाकलंस हे?”



“घरून, सर. तुमच्या नकाशाच्या बाहेरून.”