बिनसाखरेची कॉफी

सैन्यातून निवृत्त होऊन कादंबरीकार झालेले कॅप्टन जलाल सुएझच्या बाजारातून चालले होते. मागून त्यांचा जुना ड्रायव्हर मुतवल्ली भांडत होता. “साहेब, कादंबरीत मला ठार मारलंत! सासऱ्यानं गल्लीभर सरबत वाटलं! पुढच्या आवृत्तीत जिवंत करा.” युद्धात खरा मेला होता तो त्यांच्याच तुकडीतला वहीद; त्याला जलालांनी कादंबरीत सुखरूप घरी पोचवलं. ती कादंबरी वहीदच्या आईनं शेजारणीकडून वाचून घेतली आणि दोघांना बोलावणं धाडलं. म्हातारीच्या जखमेवर मीठ चोळलं की काय, या धास्तीनं जलाल तिच्या दाराशी घुटमळले. तिच्या घरात युद्धापासून शोकाची, बिनसाखरेची कॉफीच मिळे. आज जलालांनी घोट घेतला. गोड! मुतवल्लीनं तोंड वाकडं केलं. “आई, माझ्यात साखर विसरलात.” “विसरले कशाला? तू मेलास ना, बाळा?” त्यानं कप गाळासकट संपवला. “साहेब, पुढच्या आवृत्तीतही मी मेलेलाच बरा.”