वापरात असलेला काटा

मार्केट यार्डातले कांद्याचे आडते आप्पासाहेब यांचा फोन आला. त्यांचा वजनकाटा रिकामा असूनही कॉम्प्युटरवर एकेचाळीस किलो दाखवत होता. त्यांच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती माझ्याकडेच असते. बाहेर मालाच्या गाड्या खोळंबल्या होत्या, म्हणून मी भर दुपारी स्कूटर काढली.

वायर काढण्याआधी कॉम्प्युटरवर काटा ‘डिस्कनेक्ट’ करायला गेलो, तर स्क्रीनवर आलं, ‘हे उपकरण वापरात आहे.’

“कोण वापरतंय?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“एखादा प्रोग्रॅम असेल. एकाने काटा धरला, की तो सोडेपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही.”

“म्हणजे आमच्या गाळ्यांच्या संडासासारखं.”

मी सगळे प्रोग्रॅम बंद केले. तरी काटा वापरातच. शेवटी काट्याची वायर कॉम्प्युटरमधून उपटली. आकडा गेला नाही. उलट किंचित खाली-वर व्हायला लागला.

“पोत्याचा आकडा असा हलत नाही,” आप्पासाहेब म्हणाले. “उभ्या माणसाचा हलतो.” मग रिकाम्या काट्याकडे बघून वैतागले, “अहो, आपलं झालं असेल तर उतरा आता. लोकांना कामं आहेत.”

आकडा शून्यावर आला.

मी वायर परत जोडली आणि वजनं सुरू झाली. आप्पासाहेबांनी चहासुद्धा विचारला नाही.

बाहेर येऊन स्कूटरवर बसलो. पाठीवरच्या सॅकमध्ये माझा लॅपटॉप होता, बंद केलेला. त्यातून टिंग असा आवाज आला. नवीन उपकरण जोडलं की येतो, तोच.

माझ्या मागची सीट हळूच दबली.