वावडिंगाचं पाणी

शेडमधल्या टर्की पक्ष्यांची विष्ठा हळदीसारखी पिवळी झालेली पाहून नयनाने हातातली बादली खाली ठेवली. पक्षी पंख पाडून, मान खाली घालून उभे होते.

"आत्या, यांना काही पाजलंत का हो?"

गावाहून पाहुणी आलेली नवऱ्याची आत्या दारातच उभी होती. नयनाची लेक छकुली तिच्या कडेवर पेंगत होती.

"वावडिंगाचं पाणी पाजलं. एकेकाच्या पोटात जंतच जंत गं! बघ, सगळे जंत पडले."

"अहो, ते पाळलेले जंत होते. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की आम्हीच त्याच्या पोटात सोडतो. ते असले की ना विषाणू शिरत, ना दुसरे किडे. लसच ती!"

"जंत पाळायचे? काहीतरीच बाई तुमचं!"

"आता माणसांनासुद्धा तेच देतात, आत्या. बाळ जन्मलं की दवाखान्यातच."

आत्याने छकुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग पुन्हा लावून पाहिला.

"मग हिलाही ते पाणी पाजायला नको होतं का गं?"