अल्कोनच्या नावाची हाक

फोर्बास अल्कोनपाशी आला आणि गप्प झाला.

तोवर दगड झालेल्या प्रत्येक साथीदारासमोर उभं राहून त्याने हाक मारली होती. हाक गुहेत शिरायची आणि घुमून परत यायची. मग त्या माणसाची बायको, नाहीतर आई, जमिनीवर मध ओतायची आणि मागे न बघता नावेकडे चालू लागायची. नावेत वल्ह्यापाशी जागा मोकळी ठेवलेली होती. हाक ऐकलेला जीव तिथे येऊन बसतो आणि आपल्या गावी परततो. ज्याला हाक मिळाली नाही, तो पाताळातल्या नदीच्या काठावर कायमचा भटकत राहतो. ही हाक बायकोने मारून चालत नसे. शेजारी उभं राहून लढलेल्यानेच ती मारायची.

आणि ह्या गुहेतल्या गॉर्गन राक्षसिणीला मारायला गावातून गेलेल्यांपैकी जिवंत परतला होता तो एकटा फोर्बास. बाकीच्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते उभ्या जागी दगड झाले. आता कुण्या परक्या तरुणाने तिचं सापांनी वळवळणारं मुंडकं उडवलं होतं. इतक्या वर्षांनी गाव आपल्या माणसांकडे डोळे भरून बघत होतं.

सगळ्यांची तोंडं गुहेकडे होती, भाले रोखलेले. एकट्या अल्कोनचं तोंड समुद्राकडे होतं.

"घराकडे बघतोय," मागून कुणीतरी म्हणालं. "मसुरीचं कालवण गार होईल म्हणून निघाला असेल."

एकजण फसकन हसला. अल्कोनची बायको हालिया मधाचं भांडं छातीशी धरून तशीच उभी राहिली.

गावचा म्हातारा पुढारी एलाटोस याने काठी आपटली. "पुरे. फोर्बास, पुढे चल. पाठ दाखवणाऱ्याला हाक नसते."

"आजोबा, एकदाच," हालिया म्हणाली.

"मी काय करू, पोरी? अल्कोन मागे वळला, असं ह्यानेच सांगितलं ना?"

फोर्बासने मान खाली घातली. ती हकीकत गाव दर सणाला त्याच्याकडून ऐकत असे. गुहेच्या तोंडाशी अल्कोन त्याच्या पुढे होता. अल्कोन मागे वळला, एवढं त्याला दिसलं. लगेच गॉर्गनचा पंजा फोर्बासच्या डोळ्यांवर पडला, थंड आणि कडक. तो त्या पंजाला कडकडून चावला, सुटला, आणि डोळे मिटून ठेचकाळत समुद्रापर्यंत पळाला. गॉर्गनला चावलेला माणूस! परगावचे लोक त्याला बघायला येत. शेकोटीजवळची जागा त्याची, बोकडाचा पहिला वाटा त्याचा. हालिया मात्र सगळ्या बायकांचं पाणी भरून होईपर्यंत विहिरीपासून दूर उभी राहायची.

"मी खोटं नाही बोललो, वहिनी," तो हळूच म्हणाला. "दिसलं तेच सांगितलं."

"ठाऊक आहे मला."

ती अल्कोनजवळ गेली. हाक नाही, तर निदान हात तरी लावावा. तिने वाकून त्याच्या पावलांना हात लावला, आणि ती थबकली. पावलं गुहेकडे होती, घट्ट रोवलेली. गुडघेही गुहेकडे. कमरेच्या वर मात्र तो मागे वळला होता, धुऊन पिळलेल्या लोकरीसारखा. पळणारा माणूस आधी पाय उचलतो. ह्याचे पाय आधीच दगड झाले होते. दगड अंगात वर चढत असताना, जेवढं अंग हाती उरलं होतं तेवढं त्याने वळवलं होतं.

उजव्या हातात भाला नव्हता. तो हात मागे लांबवलेला होता, तळवा खोलगट, बोटं जुळवलेली. लेकराने काही भलतं बघू नये म्हणून बाप त्याच्या डोळ्यांवर हात धरतो, तसा.

तिने त्या तळव्यात बोटं फिरवली. अंगठ्याखाली, दगडात, दातांची कमान उमटली होती.

हालियाने फोर्बासकडे पाहिलं. मग तिने आपला तळवा त्या खुणेवर झाकला.

"काय आहे गं तिथे?" एलाटोसने विचारलं.

"काही नाही. शेवाळ आहे. चला."

फोर्बासला वाचवताना अल्कोन दगड झाला होता. त्याच फोर्बासला आता चारचौघांत मोडायचं, म्हणजे अल्कोनचं केलेलं पाण्यात घालायचं. मग भटकू दे अल्कोनला नदीकाठी. तिने डोळे पुसले.

पण फोर्बास तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तो पुढे आला. त्याने तिचा हात अलगद बाजूला केला. बघितलं. मग वाकून त्याने आपला चेहरा त्या तळव्यात टेकवला. कपाळ, डोळे, नाक, सगळं जागच्या जागी बसलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

तो सरळ झाला तेव्हा पांढराफटक पडला होता. खूण काय आहे ते अजून दोघांनाच ठाऊक होतं.

"अल्कोऽऽन!"

"अरे, काय करतोस!" एलाटोस ओरडला. "पळपुट्याला हाक?"

"पळालो तो मी, आजोबा. गॉर्गनला मी कधी चावलोच नाही. मी ह्याला चावलो."

एलाटोस एकेक पाऊल टाकत पुढे आला. त्याने तळव्याकडे पाहिलं, पावलांकडे पाहिलं. मग काठी खाली ठेवून तो म्हातारा कसाबसा वाकला आणि त्याने अल्कोनच्या गुडघ्यांना हात लावला.

फोर्बासने पुन्हा हाक मारली, पण ती गुहेपर्यंतही पोचली नाही.

हालिया मध ओतत होती. धार तुटू न देता ती म्हणाली,

"मोठ्याने मार, फोर्बास. तू वाचलास, हे त्याला अजून ठाऊक नाही."