पहिल्या पावलाचा पाव

प्लोव्दिव शहरात एकाच इमारतीत आमचं घर चौथ्या मजल्यावर, सासूबाईंचं दुसऱ्या. मी दिवसभर बँकेत आणि माझी कलिना दिवसभर त्यांच्याकडे. तिचा पहिला दात त्यांनी पाहिला, पहिला शब्द त्यांनी ऐकला, आणि तो शब्दही 'आजी'! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"पहिलं पाऊल तरी माझ्यासाठी ठेवा," मी एकदा फणकाऱ्याने म्हटलं.

"अगं, ते काय माझ्या हातात आहे?" त्या हसल्या. "पोर चाललं की त्याच दिवशी पाव भाजायचा, घरंगळवायचा आणि पोराला त्याच्यामागे चालवायचं, एवढंच मला ठाऊक."

सोमवारी कलिनाला आणायला गेले, तर जिन्यापर्यंत ताज्या पावाचा वास आणि टेबलावर तुकडासुद्धा नाही. म्हटलं, दिला असेल शेजारणींना वाटून. सुनेला कोण विचारतंय!

शनिवारी सकाळी कलिना सोफा सोडून चार पावलं टाकत थेट माझ्या मिठीत आली. मी खिडकीतून खाली ओरडले, "आई, कलिना चालली! माझ्यासमोर चालली!"

"अगं बाई, खरंच? आलेच पाव घेऊन!"

पाचव्या मिनिटाला त्या दारात हजर. आम्ही पांढऱ्या चादरीवरून पाव घरंगळवला, कलिना लुटूलुटू त्याच्यामागे गेली. मग मोठ्या ऐटीत मी तो तोडायला घेतला.



पाव काही तुटेना. सोमवारपासून वाळून त्याचा दगड झाला होता.