वाळवण

जर्मनीत सुनेच्या फ्रिजमध्ये ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या बिया दिसल्या, तेव्हा मालिनीताईंना वाटलं, पोरीला वाळवायला वेळ मिळाला नसेल, बुरशी येईल. त्यांनी त्या पुसून, खोली तापवणाऱ्या गरम हायत्सुंगवर वर्तमानपत्र पसरून दोन दिवसांत खडखडीत वाळवल्या. सोमवारी वनस्पतिशास्त्राच्या इन्स्टिट्यूटला निघालेली सून ईप्सिता त्या पाहून थबकली. इथल्या बीच झाडाच्या चुलतभावंडाच्या त्या बिया तिने तीन वर्षं वाट बघून बोर्निओच्या जंगलातून मिळवल्या होत्या. "छान वाळल्यात ना गं?" "हो, आई." मग प्रोफेसरांना फोन लावून ती इंग्रजीत म्हणाली, "चूक माझी. मीच वाळू दिल्या. आता एकही रुजणार नाही." तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या मालिनीताईंना शब्दन्‌शब्द कळला. त्यांनी खिडकीतली तुळशीची कुंडी उचलून सुनेच्या हातात दिली. "पुसायच्या आधी एक यात खोचली होती. बी दिसली की राहवत नाही मला. ओलीच आहे."