करडी फियाट, पांढरी फियाट

"निल्लो ले! थांब तिथंच!" प्रभंजनराव कानडीत-मराठीत गरजले.

विद्यानगरातल्या त्या अरुंद गल्लीत त्यांनी आपली करडी फियाट आडवी घातली होती. शंभर पावलांवर एक पांढरी फियाट थबकली. सकाळचे ऊन तिच्या काचेवर पडले होते. चालवणाऱ्याचा चेहरा दिसेना. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग मागे मागे सरकत वळणाआड गेली.

महिन्यापूर्वी ही जुनी करडी गाडी त्यांना विकताना कमरीपेठेतला प्रशांत मिस्त्री म्हणाला होता, "सर, ही जात आता हुबळीत उरलीच नाही बघा." निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या प्रभंजनरावांना ते पटले. अशी गाडी रस्त्यावर पाहिल्याचे त्यांना स्मरतही नव्हते. पण ती दारात आली मात्र, आणि जिकडे पाहावे तिकडे फियाट! देशपांडे नगरात दवाखान्यापुढे एक, मंगल कार्यालयाशी झेंडूने मढवलेली एक. प्रत्येक दर्शनागणिक त्यांचा संताप चढत गेला. आपण फसवले गेलो होतो.

त्यातही ही पांढरी असह्य होती. रोज साडेसातला ती येई, त्यांच्याच फाटकापुढे पायी चालावे इतकी मंद होई आणि निघून जाई. माडीच्या खिडकीतून त्यांना तिचे छत तेवढे दिसे. कुणीतरी खिजवायला येत होते, नाहीतर गाडीवर डोळा ठेवून होते. आज त्यांनी सोक्षमोक्ष लावला होता.

विजयी मुद्रेने ते आत वळले. व्हरांड्याच्या गजांना धरून त्यांची आई, शहाऐंशी वर्षांच्या कृष्णाबाई, रस्त्याकडे पाहत उभ्या होत्या.

"पळवून लावला, आई! मी गाडी घेतल्यापासून रोज घिरट्या घालतोय मेला. उद्या दिसला तर पोलिसांतच देतो."

कृष्णाबाईंचा आवाज त्या घरात कधी चढला नव्हता.

"तू गाडी घेतल्यापासून?" त्या कडाडल्या. "नऊ वर्षं जातेय ती गाडी इथून! तुला आत्ता दिसली होय?"

"कुणाची?"

"सुमंतची."

प्रभंजनराव जागीच खिळले. धाकट्या भावाचे नाव त्या घरात उच्चारले जात नसे. वडिलांच्या वर्षश्राद्धाला सुमंत पोहोचला तो पिंडदान आटोपल्यावर. त्याच फाटकात, जमलेल्या गोतावळ्यादेखत, थोरल्या भावाने त्याला बजावले होते : आत पाऊल टाकशील, आईशी एक शब्द बोलशील, तर तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.

"येऊन माफी मागायची होती त्याने," प्रभंजनराव पुटपुटले. "कुणी अडवलं होतं?"

"तू! तुझ्या, त्याच्या थोरल्या अण्णाच्या, जिवाला काही होऊ नये म्हणून तो दारात थांबत नाही, माझ्याशी बोलत नाही. नुसती चाकं हळू करतो. तेवढ्यात मी त्याला बघते, तो मला."

"मग मला सांगायचंस तरी, आई."

"काय सांगायचं? शपथ घालणाऱ्यानंच 'सुटली' म्हणायची असते, हे तुला कुणी शिकवायला हवं?" कृष्णाबाईंनी गज सोडले आणि थोरल्या मुलाच्या डोळ्यांत पाहिले. "नऊ वर्षं तो रोज तेवढंच ऐकायला येतोय."